घोरपडीपुढची सहा सेकंदं

काळ कुणाच्या हातात नसतो. हातात असते ती फक्त त्याची व्याख्या, आणि ती करण्याचा अधिकार ज्याला मिळतो त्याला आपल्याकडे साहेब म्हणतात.

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांत काळाच्या अनेक व्याख्या चालू आहेत आणि सगळ्या उत्तम चालतात. 'आलोच' म्हणजे बंबात पाणी तापतंय. 'निघालोय' म्हणजे गाडीची किल्ली सापडत नाही. 'पोचलो समजा' हे गाडीला किक मारताना म्हणतात. 'पाच मिनिटं' ही सदिच्छा आहे, तिला माप नाही. या व्यवस्थेबद्दल आजवर कुणाची तक्रार आलेली नाही (ज्यांची असेल ते अजून पोचायचे आहेत).

अशा मुलखात सेकंदाला सेकंद म्हणणारी जागा एकच होती. मिरजेत, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर, डॉक्टर यशराज यांचा होमिओपॅथीचा दवाखाना आहे. रविवारी तो बंद असतो. त्या दिवशी दुपारी दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत, जिथे एरवी पेशंट ताटकळत बसतात तिथे, चार माणसं एक खेळ खेळायला बसत. ताटकळण्याची सोय आधीपासूनच असल्यामुळे खेळासाठी वेगळा खर्च करावा लागला नाही.

खेळ कागद, पेन्सिल आणि फाशांचा. प्रत्येकानं एक पात्र घ्यायचं, कुणी योद्धा, कुणी तिरंदाज, आणि आपण तेच आहोत असं समजून बोलायचं, चालायचं, लढायचं. यशराज स्वतः खेळ चालवी. जग त्यानं रचायचं, राक्षस त्यानं आणायचे, आणि नियमाचा अर्थही त्यानंच लावायचा. थोडक्यात, सोमवार ते शनिवार तो डॉक्टर होता आणि रविवारी सरकार.

या खेळात एरवी काळ वाटेल तसा जातो. चार दिवसांचा प्रवास 'पोचलात' एवढ्या एका शब्दात उरकतो. पण लढाई लागली की काळाला शिस्त लावली जाते. लढाई फेऱ्यांनी चालते. एक फेरी म्हणजे सहा सेकंदं. त्या सहा सेकंदांत प्रत्येकाला एक डाव. डावात तीस फूट चालता येतं आणि एक कृती करता येते: वार करा, बाण सोडा, नाहीतर पळा. हातातली वस्तू खाली टाकणं फुकट. औषध पिणं ही पूर्ण कृती, आणि त्याचा गुण लगेच येतो (हे कलम यशराजला व्यवसायाच्या दृष्टीनं मान्य नव्हतं, पण पुस्तकात होतं). सगळ्यांचे डाव एकामागून एक होतात, पण सहा सेकंदं सगळ्यांना मिळून एकच. लढणारे चार असोत की चाळीस, फेरी सहाच सेकंदांची. एवढ्या माणसांचं एवढं काम एवढ्या वेळात उरकणारी दुसरी व्यवस्था निदान या दोन जिल्ह्यांत तरी नाही.

डाव कुणाचा कितवा, हे फासे टाकून ठरे आणि मग त्या क्रमानं दवाखान्याची प्लास्टिकची टोकनं वाटली जात.

या चौघांत धनाजी होता. मूळचा आटपाडी तालुक्यातला, नोकरी साताऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत. कारखान्यात तयार झालेला माल तपासून तो पुढे जाऊ द्यायचा की बाजूला ठेवायचा, एवढंच त्याला ठरवावं लागे. आणि बाजूला ठेवणं त्याला जास्त जमे. यशराज आणि तो शिकायला असताना सांगलीत एका खोलीत राहायचे. त्या ओळखीवर तो रविवारी सकाळच्या गाडीनं साताऱ्याहून मिरजेला येई आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाई. खेळात तो तिरंदाज होता.

दुसरी सोनिया. तीही आटपाडीकडचीच. मिरजेत एका लॅबमध्ये रक्त तपासायचं काम करी, आणि यशराजचे पेशंट तिच्याकडे जात. खेळात तिच्या हाती कुऱ्हाड होती. आपला डाव आला की ती चालायची, वार करायची, उरलेल्या पावलांत आणखी पुढं सरकायची आणि टोकन पुढच्याला द्यायची. तिच्या डावात विचार असा दिसायचाच नाही. तो तिनं आधीच करून ठेवलेला असायचा.

तिसरे कृष्णातमामा, सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. गुडघ्याच्या औषधासाठी एका रविवारी ते चुकून आले, दवाखाना बंद असल्याचं त्यांना कुणी सांगितलं नाही, आणि टोकन हातात पडलं म्हणून बसले. औषध मिळालं नाही, ढाल-तलवार मिळाली. तेव्हापासून एकही रविवार त्यांनी चुकवला नाही. गुडघेही बरे आहेत.

दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी या तिघांना एका किल्ल्याच्या दरवाज्यात घोरपड आडवी आली. एसटीएवढी घोरपड. लढाई लागली.

आता नियमांत एक बारीक कलम होतं: बोलणं फुकट. वार करायला कृती लागते, बोलायला काही लागत नाही. हे कलम ज्यानं लिहिलं तो आपल्या भागात कधी आलेला नसावा. पहिल्याच फेरीत मामांचा डाव आला तेव्हा ते घोरपडीला म्हणाले, "हे बघा, पोट तुमालाबी हाय, आमालाबी हाय. मग भांडायचं कशापायी?" आणि तिथून जे सुरू झालं ते संध्याकाळी यशराजच्या आईनं चहा आणला तेव्हा थांबलं. मामांना गावच्या पंचायतीला उभं राहायचं होतं आणि बोलायचा सराव हवा होता. एवढा सगळा वेळ घोरपड पंजा उगारून उभी होती. खेळातल्या हिशोबानं अजून एक सेकंदही सरलं नव्हतं.

मग दुरुस्ती झाली: बोलणं फुकट, पण ज्यानं त्यानं आपल्याच डावात बोलायचं. दुसऱ्याच्या डावात तोंड उघडायचं नाही. दुरुस्ती एकमतानं मंजूर झाली (मामांनी बाजूनं भाषण केलं).

धनाजीला मात्र नियमांतलं वेगळंच कलम आवडलं होतं. समजा डाव तुमचा आहे, पण आत्ता काही करावंसं वाटत नाही. तर कृती राखून ठेवता येते. अट घालायची: अमुक झालं, की मी तमुक करीन. अमुक झालं तर लगेच, दुसऱ्याच्या डावाच्या मध्ये घुसूनसुद्धा, आपली कृती करता येते. आणि आपला पुढचा डाव येईपर्यंत अमुक झालंच नाही, तर कृती वाया.

शेवटचं वाक्य धनाजी वाचायचा, पण ते मनावर घ्यायचा नाही.

"मी राखून ठेवतो," तो म्हणे. "घोरपडीनं तोंड उघडलं, आणि तोंड माझ्याकडं असलं, आणि मधी सोनिया नसली, तर बाण सोडीन."

घोरपड तोंड उघडायची नाही. उघडलं तर मामांकडे उघडायची. मध्ये सोनिया असायचीच, कारण लढत तीच होती. शिमगा आला तरी लढाईच्या फेऱ्या झाल्या होत्या चार, म्हणजे चोवीस सेकंदं. या चोवीस सेकंदांत मामांना नातू झाला, त्याचं बारसं झालं, दवाखान्याला रंग लागला, सोनियाच्या लॅबमध्ये नवं मशीन आलं आणि धनाजीच्या भात्यातले सगळे बाण जसेच्या तसे राहिले. शस्त्रं जपून वापरण्याच्या बाबतीत त्याचा आदर्श कोणत्याही सैन्यानं घ्यावा असा होता.

हे खेळापुरतं असतं तर इथे सांगण्यासारखं काही नव्हतं. पण धनाजीला सोनियाशी बोलायचं होतं. खेळ संपला की दोघं कोपऱ्यापर्यंत बरोबर चालत. तिथे तिची स्कूटर लावलेली असे आणि पलीकडे चहाचा गाडा होता. धनाजीनं मनात ठरवून टाकलं होतं, ती 'चला, चहा घेऊ' म्हणाली की बोलायचं. अट साधी होती. एका रविवारी ती म्हणाली, "चहा झाला का तुमचा?" धनाजीनं विचार केला. हा प्रश्न होता, आमंत्रण नव्हतं. अटीत बसत नव्हतं. तो म्हणाला, "झाला." पुढच्या खेपेला ती म्हणाली, "हितला चहा लय चांगला असतो." ही माहिती होती. त्यानंतर एकदा ती गाड्यापाशी जाऊन उभीच राहिली आणि मागं वळून बघत राहिली. पण बोलली काही नाही, आणि अट बोलण्याची होती. धनाजी गाडी पकडायला गेला.

शिमग्यानंतरच्या रविवारी सोनिया आल्या आल्या म्हणाली, "डॉक्टर, ही घोरपड आज मारायची. पुढच्या रविवारी मी आटपाडीला चाललेय. बघायला येणारेत. पोरगा पोलिसात हाय. जमलं तर मग माझं येणं काय व्हायचं न्हाई."

यशराजनं 'बरं' म्हणून फासे काढले. मामा म्हणाले, पोलीस चांगला, पण मिलिट्री अजून चांगली. धनाजी पेन्सिलीला टोक काढू लागला. टोक आधीपासूनच होतं.

त्या दिवशी टोकन एक धनाजीला आलं. दोन मामांना, तीन घोरपडीला, चार सोनियाला.

सोनियाचा योद्धा आधीच अर्धमेला होता. घोरपडीचा एक फटका बसला तर आडवा होणार हे सगळ्यांना दिसत होतं. धनाजीचा डाव पहिला. समोर घोरपड, हातात धनुष्य, भाता भरलेला.

"राखून ठेवतो," धनाजी म्हणाला. "तिनं तोंड उघडलं तर सोडीन."

सोनियानं त्याच्याकडे पाहिलं. डाव तिचा नव्हता, त्यामुळे तिला बोलता आलं नाही.

मामांनी एक वार केला आणि भाषण त्या मानानं थोडक्यात आटोपलं. मग घोरपडीचा डाव आला. यशराजनं फासे टाकले, पाहिले आणि खाली मान घालून म्हणाला, "शेपटी."

तोंड उघडलंच नाही. शेपटीच्या एका तडाख्यात योद्धा आडवा. अटीत शेपटी नव्हती, त्यामुळे बाण भात्यातच राहिला. नियमाप्रमाणे पडलेल्या माणसाला बोलता येत नाही. प्रत्येक डावाला फासा टाकायचा, चांगला पडला तर धुगधुगी, वाईट पडला तर एक पाऊल पलीकडे. टोकन चार. सोनियानं फासा टाकला. वाईट पडला. तिनं टोकन टेबलावर ठेवलं आणि ती दवाखान्याच्या नव्या रंगाकडे बघत बसली.

टोकन एक.

धनाजीच्या तोंडाशी आलेला शब्द 'राखून' हाच होता. तो त्यानं गिळला.

"मी धनुष्य टाकतो," तो म्हणाला.

"फुकट," यशराज म्हणाला.

"पळत तिच्यापाशी जातो."

"तीस फूट. बसतंय. पण घोरपड तुझ्या डोक्यावर आहे, सांगून ठेवतो."

"असूदे. औषध पाजतो."

"कृती संपली. योद्धा डोळे उघडतो." यशराजनं घोरपडीची जागा कागदावर मांडून घेतली. "आणखी काही?"

"बोलायचं हाय."

"बोल. फुकट आहे."

"सोनिया," धनाजी म्हणाला, आणि पुढचं टेबलाकडे बघतच म्हणाला. "मला दिवाळीपासनं बोलायचं हाय. तुमी चहा घेऊ म्हणायची वाट बघत हुतो. तुमी गाड्यापाशी थांबला हुता, ते मला कळलं हुतं. कळूनबी मी गेलो. पोलीस चांगला माणूस असंल, माझं काय म्हणणं न्हाई. पर मला तुमच्यासंगं ऱ्हायचं हाय. मला ठरवायला वेळ लागतो, तुमी बघताच. हे ठरलंय."

यशराजनं घसा साफ केला. "हे तिरंदाज बोलतोय का तू?"

"तिरंदाजाला चहाचा गाडा कुठं म्हाईत हाय?"

सोनिया काहीतरी बोलणार एवढ्यात यशराजनं हात वर केला. "थांब. ज्यानं त्यानं आपल्या डावात बोलायचं. टोकन दोन, मामा."

नियमासमोर सगळे सारखे असतात, याचा इतका स्वच्छ पुरावा सहसा मिळत नाही. धनाजीला तेव्हा त्याचा अभिमान वाटला नाही.

मामांनी प्रसंगाचं गांभीर्य ओळखलं आणि त्याला साजेसं भाषण केलं. आधी त्यांनी तिरंदाजाला संसाराविषयी चार शब्द सांगितले, मग योद्ध्याला, मग विषय घोरपडीच्या घरच्यांकडे वळला. आपलं लग्न रजेत कसं उरकलं, बायकोचं तोंड नीट पुढच्या रजेत कसं पाहिलं, ती तोवर कशी वाट बघत राहिली आणि आजही आपल्याआधी एक घास खात नाही, हे त्यांनी सांगितलं. मग ते पाणीपुरवठ्यावर बोलले. धनाजीची गाडी मिरज स्टेशनात लागली, थांबली आणि साताऱ्याच्या दिशेनं निघून गेली. धनाजी जागचा उठला नाही.

टोकन तीन. यशराजनं फासा टाकला नाही. "घोरपड जांभई देते," तो म्हणाला. तिचं तोंड सताड उघडलं. धनाजीकडेच होतं आणि मध्ये कुणी नव्हतं. धनुष्य मात्र तीस फुटांवर पडलं होतं.

टोकन चार.

"तू पडलेली आहेस," यशराज म्हणाला. "उठायला निम्मं चालणं जाईल."

"मी उठत न्हाई," सोनिया म्हणाली. "मी राखून ठेवते."

धनाजीचा चेहरा उतरला.

"अट सांग."

"येत्या रविवारी, पाव्हणं यायच्या आधी ह्याचं पाऊल आमच्या दारात पडलं, तर मी व्हय म्हणंन."

"आणि नाही पडलं तर?"

"तर कृती वाया. नियम तुमचाच हाय, डॉक्टर."

यशराजनं पुस्तक उघडलं. राखून ठेवलेली कृती आपल्या पुढच्या डावापर्यंतच टिकते. पुढचा डाव, पुन्हा जमतील तेव्हा. म्हणजे रविवार मुदतीत बसत होता. "कायदेशीर आहे," त्यानं निकाल दिला आणि दवाखाना बंद केला.

धनाजीनं आईला फोन केला. "आई, रविवारी आटपाडीला जायचं हाय मला."

"कशाला?" धोंडुबाई म्हणाल्या.

"एका घरी. लग्नाचं इचारायला."

त्या म्हणाल्या, "मग आंघुळ करून जा."

रविवारी पहाटे सातारा स्टँडवर आटपाडीची गाडी लागली ती गच्च भरलेली. दारात दोन माणसं लटकलेली. अशी गाडी धनाजीनं आयुष्यात कधी पकडली नव्हती. पुढची मोकळी आली की चढायचं, ही त्याची अट ठरलेली. तो दोन पावलं मागं सरला. मग त्यानं एका बाईची गाठोडी वर चढवली, त्या गाठोड्यांच्या पाठोपाठ स्वतःला आत ढकललं आणि दहिवडीपर्यंत एका पायावर उभा राहिला. दुसरा पाय ठेवायला जागा नव्हती.

सोनियाचे वडील धुळा पूर्वी मेंढरं राखत, आता डाळिंबाची बाग करत. ते नवं धोतर नेसून अंगणात उभे होते. धनाजी घामेजलेला आत आला तसं त्यांनी त्याला पाव्हण्यांपैकीच समजून खाटेवर बसवलं. पोह्यांची बशी आली.

"बाकीची मंडळी मागनं येतायत व्हय?" त्यांनी विचारलं.

"मी त्यातला न्हवं," धनाजी म्हणाला. "मी सोनियाबरोबर खेळतो."

"काय खेळता?"

"लढाई."

धुळांनी जरा विचार केला. "मग कोण जिकलं?"

"अजून चाललीय."

आतून सोनिया बाहेर आली. तिनं दारातल्या चपलांकडे पाहिलं, खाटेवर बसलेल्या धनाजीकडे पाहिलं आणि म्हणाली, "व्हय."

"कशाला व्हय?" धुळा म्हणाले. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर त्यांना सावकाश मिळालं, कारण सवड भरपूर होती. पाव्हण्यांनी सकाळीच फोनवर 'आलोच' म्हणून सांगितलं होतं. ते पोचेस्तोवर धुळांनी धनाजीचं गाव, भावकी, आजोळ आणि नोकरी विचारून घेतली, एकदा नको म्हटलं, बागेत जाऊन आले, पुन्हा विचारलं, धोंडुबाईंशी फोनवर बोलले आणि देवक वेगळं निघाल्यावर, म्हणजे लग्नाला आडकाठी उरली नाही तेव्हा, खाटेवर त्याच्याशेजारी बसले. पाव्हणे आले तेव्हा त्यांना सगळं खरं खरं सांगण्यात आलं. त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही. त्यांना त्याच दुपारी आणखी एक मुलगी पाहायची होती आणि तिथेही त्यांनी 'आलोच' म्हणून ठेवलं होतं.

लग्न उन्हाळ्यात झालं. सोनियाला साताऱ्यात लॅबमध्ये काम मिळालं आणि दोघांचे रविवार घरातच जाऊ लागले. धनाजी अजूनही ठरवायला वेळ लावतो, पण आता घरात कृती राखून ठेवायचा अधिकार त्याला राहिलेला नाही. मामा पंचायतीला उभे राहिले आणि पडले. प्रचाराची मुदत संपली तेव्हा त्यांचं पहिलंच भाषण चालू होतं.

दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत धनाजी-सोनियाच्या खुर्च्या रिकाम्या पडल्या. यशराजनं ओळखीच्या सगळ्यांना विचारलं: या की एखाद्या रविवारी. कुणीही नाही म्हटलं नाही. एक म्हणाला, पोरांच्या परीक्षा होऊ देत. एक म्हणाली, घराचं काम संपलं की नक्की. बाकी बहुतेकांनी एकच उत्तर दिलं: जरा मोकळा झालो की येतो.

या मंडळींची नावं इथे दिलेली नाहीत. त्यातले बरेच जण आत्ता हे वाचत आहेत, तेही जरा मोकळे झाले म्हणून नव्हे, तर दुसरं काहीतरी करायचं होतं, ते टाळायला म्हणून.